सम्राज्ञीचा डेलिया

दिवाळी सरली, पहाटे गारवा जाणवू लागला की कुंडीत डेलिया लावायचे दिवस येतात. आपल्याकडे हे थंडीचं फूल. त्याचं मूळ गाव मात्र मेक्सिको. तिथून ते १७८९ मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरात पोचलं आणि १७९१ मध्ये आंद्रेस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं बारसं झालं. या फुलाचं वेड घेतलेल्या एका बाईची गोष्ट आज सांगते. ही बाई म्हणजे नेपोलियनची पहिली पत्नी, फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन.

२३ जून १७६३ ला मार्टिनिक बेटावर उसाच्या मळेवाल्याच्या घरी ती जन्मली. घरात तिला रोज म्हणत, म्हणजे गुलाब. जोसेफिन हे नाव पुढे नेपोलियनने ठेवलेलं. ऊस म्हटला की कुणाचे हात कापले जातात, हे आपल्या बीडच्या बायांना सांगायला नको. तिथे तो ऊस गुलाम तोडत, आणि ही मालकाची मुलगी, हेही विसरून चालणार नाही. ती तीन वर्षांची असताना वादळात राहतं घर पडलं आणि कुटुंबाने साखर कारखान्याच्या इमारतीतच बिऱ्हाड केलं.

सोळाव्या वर्षी, १७७९ मध्ये, घरच्यांनी ठरवल्याप्रमाणे पॅरिसला येऊन तिने अलेक्झांडर द बोहार्नेशी लग्न केलं. यूजेन आणि होर्तांस ही दोन मुलं झाली, पण नवऱ्याशी पटलं नाही. पुढे राज्यक्रांतीत दोघंही तुरुंगात गेली. जुलै १७९४ मध्ये नवऱ्याचा शिरच्छेद झाला. पाच दिवसांनी रोब्सपियरचा अंत झाला, म्हणून ही वाचली. पदरात दोन लेकरं, हातात काही नाही. १७९६ मध्ये तिने सहा वर्षांनी लहान असलेल्या नेपोलियनशी लग्न केलं.

१७९९ मध्ये नवरा इजिप्तच्या मोहिमेवर असताना तिने पॅरिसजवळचं मालमेझों हे घर जमिनीसकट घेतलं. पैसे नव्हतेच, सगळा उधारीचा मामला! खर्चिक तर ती फारच होती, कर्ज कधी फिटलंच नाही. पण या जागेत तिने जीव ओतला. कोळशाच्या शेगड्यांनी ऊबदार ठेवलेलं काचघर बांधलं, तळ्यात ऑस्ट्रेलियाचे काळे हंस सोडले. इंग्लंडशी युद्ध चालू असतानासुद्धा लंडनच्या रोपवाटिकेतून तिची रोपं येत. हंबोल्ट आणि बोनप्लां हे प्रवासी १८०४ मध्ये अमेरिका खंडातून परतले ते डेलियाचं बी घेऊन, आणि तेही मालमेझोंत रुजलं. पुढे बोनप्लां तिच्या बागेचाच कारभारी झाला. आपल्या डेलियाचा कंद ती कुणाला देत नसे, शेवटी कुणीतरी माळ्याला पैसे चारून तो पळवला आणि तिचं मनच उडालं, अशी एक दंतकथाही सांगतात.

डेलिया लावलेल्या बाईला त्याचा स्वभाव ठाऊक असतो. खोड पोकळ, वर फूल ताटलीएवढं. वाऱ्याची एक झुळूक आली की मोडलंच. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतो. म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळावं. आणि मुख्य म्हणजे आधाराची काठी लावणीच्या वेळीच रोवावी, आपल्याकडची जाडसर तुराटीही चालते. झाड वाढल्यावर रोवायला गेलं तर ती नेमकी मातीखालच्या कंदात घुसते. बांधायला सुतळी नको, ती काचते. जुन्या सुती लुगड्याची चिंधी घ्यावी, काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ द्यावा आणि सैल बांधावी.

जोसेफिनच्या संसारात वारा आला तो वारसाच्या रूपाने. १८०४ मध्ये ती सम्राज्ञी झाली, पण नेपोलियनपासून तिला मूल झालं नाही. दोन मुलांची आई असूनही डिसेंबर १८०९ मध्ये तिला भरल्या दरबारात घटस्फोटाला संमती द्यावी लागली. गादी गेली. राहिला तो सम्राज्ञीचा किताब, तनखा आणि तिचं मालमेझों. त्याच घरात, त्याच बागेत तिने उरलेल्या वर्षांतला बराच काळ काढला आणि २९ मे १८१४ ला पन्नासाव्या वर्षी तिथेच डोळे मिटले.

पुढची गंमत बघा. ज्या वारसासाठी दुसरं लग्न झालं, तो नेपोलियनचा मुलगा एकविसाव्या वर्षीच वारला. आणि १८५२ मध्ये फ्रान्सचा सम्राट झाला तो तिसरा नेपोलियन, जोसेफिनच्या होर्तांसचा मुलगा! स्वीडनच्या आजच्या राजघराण्यातही तिचंच रक्त आहे.

मूल होत नाही म्हणून माहेरी आणून सोडलेल्या बायका मला कामानिमित्त भेटतात. बहुतेक वेळा तपासणी एकट्या तिचीच झालेली असते. तिच्याजवळ असते कपड्यांची एक पिशवी. सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. पण भाऊ तुटेल, माहेर तुटेल या भीतीने हक्कसोडपत्रावर सही होते, आणि वेळ आली की त्याच माहेरात ती ओझं ठरते. जोसेफिनला ती वेळ आली तेव्हा पाय ठेवायला मालमेझों होतं, तेही दहा वर्षं आधी घेतलेलं.

तेव्हा यंदा डेलिया जरूर लावा, काठी आधी रोवून. आणि घरातल्या लेकी-सुनांच्या नावावर काय आहे, तेही एकदा कागद काढून बघा.