डार्विनची एक सवय

चार्ल्स डार्विन म्हटलं की माकडापासून माणूस, एवढंच आपल्याला आठवतं. मला मात्र त्याच्या सिद्धांताइतकीच त्याची एक सवय आवडते. तिच्याविषयी थोडंसं.

डार्विनचा जन्म १८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्याला एडिंबराला धाडलं. तिथे मन रमेना, म्हणून शिक्षण अर्धवट सोडून स्वारी केंब्रिजला गेली. (आपल्यापैकी काहींना हे ओळखीचं वाटेल!)

ऑगस्ट १८३१ मध्ये तो प्रोफेसर सेजविक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरात गेला. क्वुम इड्वल नावाच्या दरीत दोघं तासन् तास जीवाश्म शोधत होते. त्या दरीत एके काळी हिमनदी होती. तिने ओरखडलेले खडक, तिने आणून टेकवलेले प्रचंड दगड, सगळं समोर होतं. पण दोघांपैकी एकालाही ते दिसलं नाही. डोळे ठीक होते, पण हिमनदी ही कल्पनाच डोक्यात नव्हती. त्यामुळे अंतर्मनाने ती माहिती परस्पर गाळून टाकली.

मग 'बीगल' जहाजातून पाच वर्षांचा जगप्रवास झाला. दक्षिण अमेरिकेत समुद्रातून वर आलेली जमीन त्याने पाहिली. १८३८ साली स्कॉटलंडच्या ग्लेन रॉय दरीत, डोंगराच्या उतारावर रस्त्यांसारख्या समांतर रेषा दिसल्या. त्याने ठरवलं, हे जुने समुद्रकिनारे! पुढच्याच वर्षी पेपर छापून आला. पण १८४० साली लुई अगासी यांनी सांगितलं, की हिमनदीने पाणी अडून तळी झाली, त्यांचे हे काठ आहेत.

१८४२ साली डार्विन पुन्हा क्वुम इड्वलला गेला आणि आता त्याला हिमनदीच्या खुणा जागोजागी दिसल्या. ग्लेन रॉयचं मात्र त्याला पटेना. तिथे त्याचं स्वतःचं नाव छापलेलं होतं ना! आपलं चुकलं हे कबूल करायला १८६१ साल उजाडलं. पहिल्या वेळी अंतर्मन आड आलं होतं, दुसऱ्या वेळी अहंकार.

आता ती सवय. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली किंवा सुचली, की डार्विन ती ताबडतोब लिहून ठेवायचा. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या पटकन निसटतात, हे त्याने ओळखलं होतं. आत्मचरित्रातही त्याने हे नमूद केलं आहे. म्हणूनच १८५९ साली त्याचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं, तेव्हा बहुतेक आक्षेपांचा विचार त्याने आधीच केलेला होता. १८८२ साली तो वारला.

मला वाटतं, ही सवय आपल्या लॅबमध्ये फार उपयोगी आहे. एखादं रीडिंग ग्राफच्या रेषेवर बसत नाही, तेव्हा हात आपोआप खोडरबराकडे जातो. तो पॉइंट खोडू नका, त्याच्याभोवती गोल करा. काय सांगावं, मशीन तेवढ्यातच खरं बोललेलं असेल!