नोकरी सहा वर्षांची, ‘गुरुजी’ कायमचे

साने गुरुजी म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते. पण कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने (जन्म १८९९) ‘गुरुजी’ झाले ते खानदेशात! १९२४ मध्ये ते जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांवर रागावण्याऐवजी ते स्वतःच त्यांच्या खोल्या झाडत. मुलांना जग कळावं म्हणून हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. हेन्री थॉमस यांचा जगाचा इतिहासही त्यांनी मराठीत आणला. ११ जून १९५० रोजी ते गेले. शाळेत होते जेमतेम सहा वर्षं, पण महाराष्ट्र त्यांना आजही ‘गुरुजी’च म्हणतो.