कांट यांच्या ताटातली शेवटची चव

७ ऑक्टोबर १८०३. पूर्व प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरात तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट दुपारच्या जेवणाला बसले होते. वय ७९ वर्षांचे. दृष्टी अधू झालेली, दात पडलेले, स्मरणशक्ती जवळजवळ संपलेली. त्यांच्यासमोर पावावर लोणी आणि त्यावर किसलेले इंग्लिश चीज होते. अलीकडे या एका पदार्थाची त्यांना विलक्षण ओढ लागली होती. त्या दिवशी त्यांनी ते नेहमीपेक्षा बरेच जास्त खाल्ले. त्यांची देखभाल करणारे जुने विद्यार्थी आणि धर्मोपदेशक वासिआन्स्की यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला. मात्र, एरवी त्यांचे निमूटपणे ऐकणारे कांट प्रथमच नाराज झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बहिणीच्या हाताचा आधार घेऊन चालत असताना ते बेशुद्ध होऊन जमिनीवर कोसळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आजारपणामुळे अंथरूण धरावे लागले.

ज्या माणसाने अवघे आयुष्य नियमांत बांधले, तो चीजच्या तुकड्यापुढे इतका हतबल का झाला? त्या काळच्या मित्रांना तो म्हातारपणीचा हट्ट वाटला. आज दोन शतकांनंतर वैद्यकशास्त्र या प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहते. स्मृतिभ्रंशात केवळ नावे आणि तारखाच पुसल्या जात नाहीत. वास आणि चवही पुसली जाते, आणि कित्येकदा ती आठवणींच्या आधी जाते.

कांट यांचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी कोनिग्सबर्गमध्येच झाला. हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. वडील घोड्यांचे पट्टे आणि साज बनवणारे कारागीर होते. परिस्थिती बेताची होती. आईचे छत्र तेराव्या वर्षीच हरपले. विद्यापीठातील शिक्षणानंतर कांट यांनी काही वर्षे श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून गुजराण केली. १७५५ पासून ते विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. पण त्यांना पगार नव्हता, विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच भागवावे लागे. तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेचे प्राध्यापकपद त्यांना १७७० मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मिळाले. १७८१ मध्ये शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपच्या विचारविश्वाची दिशा बदलली. मानवी ज्ञानाच्या मर्यादा आखणाऱ्या या माणसाने आपल्या प्रांताची सीमा मात्र आयुष्यात जवळजवळ ओलांडली नाही.

त्यांची दिनचर्या सर्वश्रुत आहे. पहाटे पाचला नोकर लांपे उठवायला येई. मग चहा, एक चिलीम, अभ्यास, व्याख्यान. दुपारी एकच्या सुमारास जेवण, आणि दिवसातून एवढेच एक जेवण. त्यानंतर एकट्याने फेरफटका. चालताना ते तोंड मिटून केवळ नाकाने श्वास घेत. सोबत कोणी असले तर बोलावे लागेल आणि थंड हवा तोंडावाटे आत जाईल, म्हणून ते एकटे फिरणे पसंत करत. प्रकृती मुळात नाजूक होती. आपण इतकी वर्षे जगलो ते अशा नियमांच्या बळावरच, अशी त्यांची श्रद्धा होती.

या कडक वेळापत्रकातील एकमेव मोकळी जागा म्हणजे जेवणाचे टेबल. कांट यांनी १७८३ मध्ये घर घेतले आणि १७८७ पासून घरी स्वयंपाकीण ठेवून रोज पाहुण्यांना बोलावण्यास सुरुवात केली. पाहुणे किती असावेत याचाही नियम होता : तीनपेक्षा कमी नकोत आणि नऊपेक्षा जास्त नकोत. तत्त्वचिंतन करणाऱ्याने एकट्याने जेवणे प्रकृतीला घातक असते, असे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. कॉड मासा त्यांच्या विशेष आवडीचा. मोहरीचे तोंडीलावणे ते स्वतः तयार करत आणि बहुतेक पदार्थांबरोबर घेत. कोणत्या पाहुण्याला काय आवडते हे लक्षात ठेवून तो पदार्थ मुद्दाम करवून घेत. पाककृतींविषयी ते इतक्या बारकाईने चौकशी करत, की हे गृहस्थ आता पाकशास्त्राचीही चिकित्सा लिहितील, अशी थट्टा त्यांचे मित्र हिप्पेल करत असत.

अशा रसिक माणसाने घ्राणेंद्रियाला मात्र फार खालचे स्थान दिले. १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी पाच इंद्रियांचा विचार केला आहे. त्यात वास घेण्याची शक्ती ही सर्वांत कृतघ्न आणि सर्वांत अनावश्यक ठरवली आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की नको असलेले खाणे आपण टाळू शकतो. पण शेजाऱ्याचा वास आपल्यावर लादला जातो, म्हणजे तो आपल्या स्वातंत्र्यावरच घाला असतो. शिवाय जगात, विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, सुगंधापेक्षा दुर्गंधच अधिक. मग हे इंद्रिय तीक्ष्ण करून मिळवायचे काय? उलट चवीला त्यांनी वरचे स्थान दिले, कारण ती माणसांना एका टेबलाभोवती एकत्र आणते. एक सूट मात्र त्यांनी दिली होती. दूषित हवा किंवा नासके अन्न ओळखण्यापुरते नाक उपयोगी आहे, हे त्यांना मान्य होते.

या विभागणीत एक मोठी त्रुटी होती आणि ती त्या काळात कोणालाच कळण्याजोगी नव्हती. आपण ज्याला पदार्थाची चव म्हणतो, त्यातील फार मोठा भाग वासाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके स्वाद कळतात. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकाच्या वरच्या भागात पोहोचतो आणि तेथून मेंदूला कळते, की हा आंबा आहे, ही मोहरी आहे. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते यामुळेच. म्हणजे कांट ज्या इंद्रियाला अनावश्यक मानत होते, त्याच्याच भरवशावर त्यांचे टेबल उभे होते.

हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचा उतरणीचा काळ सुरू झालेला होता. १७९६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शेवटचे व्याख्यान दिले. १७९९ च्या सुमारास विसरभोळेपणा उघड दिसू लागला. एकच गोष्ट ते त्याच दिवशी पुन्हा पुन्हा सांगत. हे त्यांच्याही लक्षात येई. पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून बोलायचे विषय ते कागदाच्या चिटोऱ्यांवर टिपून ठेवत. चिटोरे हरवू लागले तेव्हा वासिआन्स्की यांनी त्यांना लहान वह्या शिवून दिल्या. डोक्यावर सतत दाब जाणवे. त्याचे खापर ते हवेतील विजेवर फोडत. दूरच्या शहरांत मांजरी मेल्याच्या बातम्यांचा संबंधही ते याच विजेशी जोडत. ज्याने जगाला तर्काच्या मर्यादा शिकवल्या, त्याला या कल्पनेपासून कोणीही परावृत्त करू शकले नाही.

जानेवारी १८०२ मध्ये सुमारे ४० वर्षे चाकरीत असलेल्या लांपेला काढून टाकावे लागले. नवा नोकर आला, तरी कांट त्याला लांपे याच नावाने हाक मारत. अखेर त्यांनी वहीत स्वतःसाठी टिपण केले, की लांपे हे नाव आता पूर्णपणे विसरायचे आहे. सारे काही विसरत चाललेल्या माणसाला एक नाव विसरण्यासाठी नोंद करावी लागली.

टेबलावरही बदल दिसू लागले. कॉफीचा वास त्यांना आयुष्यभर मोहवत आला होता. पण कॉफीतील तेल प्रकृतीला अपायकारक असते या समजुतीने त्यांनी ती कटाक्षाने टाळली होती. शेवटच्या वर्षांत जेवणानंतर कॉफी हवीच असे झाले, आणि ती यायला क्षणाचा विलंब झाला तरी ते लहान मुलासारखे अधीर होत. इंग्लिश चीजचे वेडही याच काळातले. मोजून खाणारा माणूस आता मोजायचे विसरला होता.

कांट यांना नेमका कोणता आजार होता, यावर वैद्यकीय नियतकालिकांत अलीकडच्या दशकांत बरीच चर्चा झाली आहे. कोणी अल्झायमर म्हणतात, कोणी लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश सुचवतात, तर कोणी मेंदूतील गाठीची शक्यता मांडतात. वासाची चाचणी त्या काळी नव्हती. परंतु स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत खाण्यापिण्याचे असे बदल का होतात, हे आज बऱ्याच अंशी समजले आहे. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांत बिघाड सर्वांत आधी सुरू होतो, ते भाग वासाच्या वाटेवरचेच आहेत आणि आठवणी साठवण्याच्या केंद्राला लागून आहेत. लेवी बॉडी प्रकारातही वास हरपणे हे पहिल्या लक्षणांपैकी एक असू शकते. काही रुग्णांना वास येतो. पण तो कशाचा हे सांगता येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास होतो तेव्हा एकाच पदार्थाचा ध्यास लागतो, गोडाची ओढ वाढते आणि पोट भरल्याची जाणीव राहत नाही.

सौम्य चवी जेव्हा पुसट होतात, तेव्हा खारट, स्निग्ध, उग्र असे जे काही जिभेला अजून जाणवते, त्याकडे हात जातो. मुरलेले इंग्लिश चीज नेमके तसे असते. आपल्याकडे घरातील वृद्ध माणूस आमटीत वरून मीठ मागतो, लोणच्याची बरणी सोडत नाही, सुनेच्या हाताला चव नाही म्हणून ताट सारतो, तेव्हा जिभेचे चोचले किंवा म्हातारचळ असे शब्द सहज वापरले जातात. अर्थात, वयोमानानुसार वास कमी होणे स्वाभाविक आहे. सर्दी, नाकाचे विकार आणि २०२० नंतर कोविडनेही अनेकांचा वास हिरावला. प्रत्येक बेचव घास म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पण विसराळूपणाच्या जोडीला हे बदल दिसू लागले, तर डॉक्टरांना सांगावे. ज्या माणसाला वास येत नाही, त्याला नासलेले दूध कळत नाही आणि गॅसची गळतीही कळत नाही. कांट यांनी नाकाला दिलेली सूट येथे शब्दशः खरी ठरते.

ऑक्टोबरच्या त्या आजारातून ते काही दिवसांत उठले. १३ तारखेला पुन्हा पाहुणे जेवायला आले. पण पूर्वीची प्रसन्नता परतली नाही. डिसेंबरमध्ये त्यांना स्वतःची सही करता येईना. अन्नावरची वासना उडाली, शरीर काडीसारखे झाले, जवळची माणसे ओळखू येईनात. तरीही निधनाच्या नऊ दिवस आधी डॉक्टर भेटीला आले तेव्हा हा मरणासन्न वृद्ध उभा राहिला आणि पाहुणे बसल्याशिवाय स्वतः बसला नाही. चव गेली होती, शब्द गेले होते. पाहुण्याचा मान राखण्याची रीत तेवढी उरली होती.

सौंदर्याच्या निर्णयावरील १७९० च्या ग्रंथात कांट यांनी वाइनचे उदाहरण घेतले होते. अमुक वाइन चांगली आहे असे कोणी म्हणू नये. ती मला चांगली लागते एवढेच म्हणावे, कारण जिभेचा अनुभव ज्याचा त्याचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ११ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री वासिआन्स्की त्यांच्या उशाशी बसून होते. त्यांनी पाणी मिसळलेली थोडी वाइन कांट यांच्या ओठांना लावली. ती घेतल्यावर कांट यांनी तीन छोटे जर्मन शब्द उच्चारले. त्यांचा अर्थ चांगले आहे असाही होतो आणि आता पुरे असाही. ते त्यांचे अखेरचे बोलणे ठरले. १२ फेब्रुवारीला सकाळी अकराच्या सुमारास त्यांची प्राणज्योत मालवली. तो शेवटचा घोट त्यांना कसा लागला, हे त्यांच्याच सिद्धांतानुसार फक्त त्यांनाच ठाऊक होते.