चुंबकाचा तराजू अन् उसाचं चिपाड : डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांची गोष्ट

उसाचं गाळप झालं की मागे उरतं ते चिपाड. आज साखर कारखान्यात ते बॉयलरला जातं, त्यावर वीज तयार होते. शंभरेक वर्षांपूर्वी लाहोरच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकापुढे मात्र वेगळाच प्रश्न आला होता. या चिपाडापासून जनावरांची पेंड करता येईल का? प्रश्न विचारणारे होते पंजाबातले नामांकित अभियंते सर गंगाराम. प्राध्यापकांनी ते काम हाती घेतलं आणि तशी पद्धत बसवून दिली. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. शांतिस्वरूप भटनागर.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी भेरा इथला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. पोर आठ महिन्यांचं असतानाच वडील गेले. आई लेकरांना घेऊन माहेरी, बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबादला आली. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरात यंत्रं, अवजारं हाताळता हाताळता मुलाला विज्ञानाची गोडी लागली. पुढचं शिक्षण लाहोरला झालं. १९१९ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर दयालसिंग ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली ती अमेरिकेसाठी. पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जहाजं घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी भरलेली. जागाच मिळेना, म्हणून ते लंडनलाच थांबले. तिथे प्रा. डोनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये डी.एस्सी. पूर्ण केलं.

परतल्यावर तीन वर्षं बनारसला शिकवलं. १९२४ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात रसायन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यांचं नाव जगात झालं ते इथल्या कामामुळे, आणि ते काम चुंबकत्वाचं होतं.

लोखंड चुंबकाला चिकटतं, हे आपण सगळेच पाहतो. पण मीठ, पाणी, साखर यांच्यावरही चुंबकाचा परिणाम होतो. काही पदार्थ किंचित ओढले जातात, काही किंचित ढकलले जातात. हा जोर इतका बारीक असतो की साध्या ताजव्यावर तो कळत नाही. तो मोजता आला, तर रेणूच्या आत इलेक्ट्रॉन कसे बसलेत आणि रासायनिक क्रियेत काय बदललं, याचा अंदाज बांधता येतो. भटनागर आणि भौतिकशास्त्रज्ञ के. एन. माथुर यांनी १९२८ मध्ये त्यासाठी खास तराजू तयार केला. पदार्थ जरासा हलला, तरी प्रकाशाचे काळे-उजळ पट्टे सरकत. ते पट्टे पाहून जोर मोजायचा. लंडनच्या अॅडम हिल्गर कंपनीने हे उपकरण बाजारात आणलं. १९३५ मध्ये दोघांचं चुंबकीय रसायनशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तकही निघालं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या बांधावरचं हे शेत तेव्हा फार थोडे लोक कसत होते.

त्याच काळात रावळपिंडीकडच्या एका तेल कंपनीची अडचण त्यांच्याकडे आली. बोअर घेताना भोकात चिखलाचं पाणी सोडावं लागतं. जमिनीतल्या खारट पाण्याशी गाठ पडली की तो चिखल घट्ट व्हायचा आणि ड्रिलिंग बंद पडायचं. मोठं यंत्र आणण्याऐवजी भटनागर यांनी चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितला. चिखल पातळ राहिला, काम सुरू झालं. खूश होऊन कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! भटनागर यांनी ती स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाला दिली. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला आणि पोरांना संशोधनाची संधी मिळाली.

१९४० नंतर मात्र त्यांचे हात प्रयोगशाळेतून फायलींकडे वळले. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर स्थापन झाली, तिची धुरा त्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. स्वातंत्र्यानंतर एकामागून एक राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुण्यातल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यातलीच. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. याची किंमतही होती. ज्या चुंबकाच्या कामाने नाव दिलं, त्यासाठी स्वतःला वेळ उरला नाही. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने ते गेले, तेव्हा वय अवघं साठ होतं.

त्यांच्या नावाचा पुरस्कार आजही शास्त्रज्ञांना मोठा मान वाटतो. पण आपल्या तालुक्यातल्या पोरापोरींनी त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. रेणूतला इलेक्ट्रॉन आणि गोठ्यातली पेंड, दोन्ही प्रश्न त्यांनी तितक्याच मन लावून सोडवले. शेतातला प्रश्न हलका आणि प्रयोगशाळेतला भारी, असा भेद त्यांनी केला नाही. विज्ञान शिकायला निघालेल्यांनी गावातले प्रश्नही सोबत न्यावेत.