गाणी बंद करणारे केसकर

मैत्रिणींनो, भाकरी थापताना विविध भारती ऐकणाऱ्या आपल्याकडे नांदेड-लातूरला घरोघरी सापडतील. पण एकेकाळी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली होती, आणि तसं करणारा मंत्री एक मराठी माणूस होता, हे किती जणींना ठाऊक आहे? त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म १९०३ मध्ये पुण्यात झाला. काशी विद्यापीठात शिकले, तिथेच शिकवलं, मग पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्यलढ्यात होते, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. शिवाय धृपद गायकी शिकलेले. असा व्यासंगी माणूस १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाला आणि १९६२ पर्यंत राहिला.

तो काळ आठवा. राजेरजवाडे गेले, संस्थानं गेली. आपला मराठवाडाही १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला होता. दरबार गेल्यावर गवयांनी जायचं कुठे? केसकरांनी त्यांच्यासाठी रेडिओचं दार उघडलं. १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन. कितीतरी कलावंतांच्या चुली त्यावर पेटल्या. एरवी ज्यांना मैफलीचं दार दिसलं नसतं, त्या बायाबापड्यांच्या कानांवर मोठमोठ्या गवयांचा आवाज पडला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्यांना सिनेसंगीत उथळ वाटायचं. त्यांनी गाण्यांचा वेळ कमी केला, गाणी निवडून-पारखून घ्यायला लावली. सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, त्यांनी गाणी देणंच थांबवलं. काही महिन्यांत रेडिओवरून गाणी दिसेनाशी झाली.

मग श्रोत्यांनी काय केलं? मोर्चा नाही काढला की निवेदन नाही दिलं. गुपचूप खुंटी पिरगाळली आणि रेडिओ सिलोन लावला! कोलंबोचं ते केंद्र शॉर्टवेव्हवर दूरदूरपर्यंत लागायचं. १९५२ च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचला. आमच्या बचत गटातल्या एक आजी अजूनही सांगतात, की बुधवारी रात्री ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर सगळी गल्ली जमायची. बाया दाराआडून ऐकायच्या. दिवसभराच्या कष्टानंतर तेवढाच विसावा. त्यांना कुणी विचारलं होतं का, की बाई, तुला काय ऐकायचंय?

मला केसकरांच्या आयुष्यातली यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, तेच मंत्री असताना, आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. ज्यांनी गाणी घालवली, त्यांच्याच कारकिर्दीत ती परत आली. त्याआधी १९५६ मध्ये पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग झाला होता. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न परत रेडिओकडे जात. म्हणजे ऐकणाऱ्याला विचारता येतं, हे त्यांच्याच खात्याने दाखवून दिलं होतं.

मंत्रिपद गेल्यावर केसकरांनी नॅशनल बुक ट्रस्टचं काम पाहिलं. १९८४ मध्ये ते गेले. आज त्यांचं नाव निघतं ते बहुधा थट्टेनेच. मला ते पटत नाही. त्यांचा हेतू स्वच्छ होता, फक्त आपल्याला जे उत्तम वाटतं ते दुसऱ्याने मुकाट्याने घ्यावं, हा आग्रह चुकला. घरात आपणही मुलांच्या, सुनांच्या बाबतीत हेच करतो की!

आज नांदेडला आकाशवाणीचं आपलं केंद्र आहे, खासगी एफएमही आले. कार्यक्रम बदलतात, वेळा बदलतात. बदलायला हरकत नाही. पण आपल्याला आवडतं ते आणि आवडत नाही तेही, केंद्राला एक पत्र टाकून कळवत जाऊ या. खुंटी पिरगाळणं सोपं असतं, पण त्याने आपला आवाज कुणापर्यंत पोचत नाही.