जात्यावरची माय

बचत गटाच्या कामासाठी मध्यंतरी कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी गेले होते. कापसाची वेचणी चालू होती, त्यामुळे बाया जमेपर्यंत दिवस मावळला. दिवसभर वेचून आलेली एक आजी भिंतीला टेकून जात्यावरच्या ओव्या गुणगुणत बसली होती. शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली नात तिला म्हणाली, की आजी, पुरे कर आता. आजी बिचारी गप्प झाली. मला एकदम बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. शाळेत त्यांच्या कविता आपण सगळ्यांनीच पाठ केल्यात. पण ती बाई जगली कशी, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा. गाव जळगावजवळचं आसोदे. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, घर भरलेलं. शाळेचं तोंड काही त्यांनी पाहिलं नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. आसोदे ते जळगाव अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण त्या काळच्या सुनेला ते किती लांब असायचं ते आपल्या आज्यांनाच विचारा! माहेरच्या त्या वाटेवरही त्यांनी गाणं केलंय. वाटेतले खाचखळगे, दगड, सगळं त्यात आहे आणि तरी ती वाट त्यांना गोडच वाटते.

सासरी कामाचा रगाडा होता. पहाटे दळण, मग शेणपाणी, भाकऱ्या आणि उन्हं वर यायच्या आत शेत. पेरणी, कापणी, मळणी सगळं हातानं. आपल्याकडच्या बायांना हे वेगळं सांगायला नको. काशी, ओंकार आणि सोपान अशी तीन लेकरं झाली. धाकटे सोपानदेव १९०७ चे. ते जेमतेम तीन वर्षांचे असतील, तेवढ्यात नथुजी गेले. बहिणाबाईंनी तेव्हा नुकती तिशी गाठली होती.

तिशीतली विधवा, पदरात तीन लेकरं, आणि काळ १९१० चा. समाज कसा वागवत असेल ते मी लिहायची गरज नाही. त्यात प्लेगच्या साथीनं थोरल्या ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. म्हणजे शेत पाहायचं, अपंग लेकाचं करायचं, पोरीचं बघायचं आणि धाकट्याला शिकवायचंही. नवरा गेल्यावरही त्यांनी गाणं केलं. त्यात रड आहे, नाही असं नाही. पण दारात आलेल्या ज्योतिषालाच त्या बजावतात, की माझं नशीब मला कळलंय, तू माझ्या दारी येऊ नकोस. मी स्वयंसेवी कामात गेली पंधरा वर्षं नवरा गेलेल्या बाया बघते. उपास सांगणारे, गंडेदोरे देणारे त्यांच्या दारात आधी पोचतात आणि मदत मागाहून. म्हणून मला हे गाणं त्यांच्या सगळ्या गाण्यांत मोठं वाटतं. दुसऱ्या कुणाला दुसरं वाटेल.

धाकटा सोपान शिकला, पुढं कवी म्हणून नावाजला. त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगतात. शाळेच्या पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा ते घरी मोठ्यानं वाचत होते. आई कामात होती, पण कान इकडंच. दुसऱ्या दिवशी बघतात तर आईनं त्या गोष्टीचं गाणं करून टाकलेलं! पोरगा चकित झाला. तेव्हापासून सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तसं आईचं गाणं उतरवून घेऊ लागले. दळताना, कांडताना, शेतात जे सुचायचं ते ती गायची. कुणी जवळ असलं तर ते कागदावर यायचं, नसलं तर वाऱ्यावर जायचं.

भाषा त्यांच्या घरातलीच, लेवा गणबोली. आपल्या मराठवाड्याच्या कानाला एखादा शब्द अडतो, पण अर्थ अडत नाही. छापखान्यावर त्यांचं गाणं आहे. अक्षर न येणारी बाई छापखाना बघते आणि म्हणते, कोऱ्या कागदालाही छपाईनं शहाणपण येतं, माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो. आणखी एका गाण्यात एक योगी विचारतो, माहेर एवढं गोड तर सासरी राहतेस कशाला? त्यावर तिचं उत्तर असं, की पोरीला हक्कानं यायला घर हवं ना, म्हणून आईनं सासरचं घर धरून राहायचं. हे वाचलं तेव्हा माझी थोरली नुकतीच सासरी गेली होती. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

लेकरांची लग्नं झाली, घरात सुना आल्या, नातवंडं आली. जळगावच्या वाड्यात त्या आई होत्या, आजी होत्या. कवयित्री म्हणून बाहेर कुणाला ठाऊक नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. छापलेलं स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या मागं सोपानदेवांनी ती वही जरा संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आलं. पुढं १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमातून ती गाणी घरोघर पोचली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचं नाव आता पोरींच्या पदवीवर असतं!

जळगावच्या त्या वाड्यात त्यांची शेतीची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, पूजेचं साहित्य जपून ठेवलंय. नातसुनेनं ते सगळं सांभाळलं, हे मला फार आवडलं.

पुढच्या बैठकीला मी कळमनुरीकडं जाताना वही घेऊन गेले. आजी आधी लाजली, मग म्हणाली की चहा घे, सांगते. तीन ओव्या लिहून झाल्या. चौथी तिला निम्मीच आठवली. नात दारात उभी होती. तिनं मोबाईल पुढं केला आणि आजीला परत पहिल्यापासून म्हणायला लावलं.