एव्हरी फिशर

एव्हरी रॉबर्ट फिशर (४ मार्च १९०६ – २६ फेब्रुवारी १९९४) हे अमेरिकन उद्योजक, हौशी व्हायोलिनवादक आणि संगीताचे आश्रयदाते होते. घरगुती वापराच्या उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रणेचे, म्हणजेच ‘हाय-फाय’ उपकरणांचे, ते आद्य निर्मात्यांपैकी एक मानले जातात. त्यांनी १९३७ मध्ये फिलहार्मोनिक रेडिओ आणि १९४५ मध्ये फिशर रेडिओ या कंपन्या स्थापन केल्या. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील मुख्य संगीत सभागृह १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांच्या नावाने ओळखले जात होते.

बालपण आणि शिक्षण

फिशर यांचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. त्यांचे आईवडील तत्कालीन रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले ज्यू स्थलांतरित होते. सहा भावंडांत एव्हरी सर्वांत धाकटे. वडिलांना संगीताची आवड असून घरात ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. घरातील वातावरणामुळे फिशर लहानपणीच व्हायोलिन शिकले. त्यांनी वादनाला व्यवसाय केले नाही, परंतु मित्रांसमवेत घरगुती मैफलींत वाजवण्याचा परिपाठ दीर्घकाळ सांभाळला. १९२९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून पदवी घेतली.

पुस्तक-आरेखन आणि ध्वनियंत्रांचा छंद

शिक्षणानंतर फिशर यांनी काही काळ जाहिरात व्यवसायात काम केले व पुढे ते प्रकाशन व्यवसायात शिरले. डॉड, मीड अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेत ते १९३३ ते १९४३ या काळात पुस्तकांचे आरेखनकार होते. त्यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते.

त्या काळातील घरगुती रेडिओ व ग्रामोफोन यांतून निघणाऱ्या संगीतात वाद्यवृंदातील अतिमंद्र आणि अतितार स्वर जवळजवळ लुप्त होत. मानवी कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. सामान्य रेडिओसंच त्यांपैकी मधला अल्प पट्टाच पुनरुत्पादित करत असे. चित्रपटगृहांसाठी आणि नभोवाणी केंद्रांसाठी याहून पुष्कळ चांगले अ‍ॅम्प्लिफायर व लाउडस्पीकर उपलब्ध होते, मात्र ते दिवाणखान्यासाठी बनवलेले नसत. मैफलीत ऐकलेले व्हायोलिन घरी तसेच ऐकू यावे, या इच्छेने फिशर यांनी फावल्या वेळात स्वतःसाठी उपकरणे जुळवण्यास प्रारंभ केला. ती ऐकून मित्रांनीही तशा संचांची मागणी केली आणि छंदाला व्यवसायाचे रूप येऊ लागले.

फिलहार्मोनिक रेडिओ

फिशर यांनी १९३७ मध्ये फिलहार्मोनिक रेडिओ ही कंपनी सुरू केली. तिचे संच सामान्य संचांहून महाग असले, तरी संगीताच्या जाणकार ग्राहकांत त्यांना मान्यता मिळाली. कंपनी सुरू झाल्यावरही पुढील काही वर्षे फिशर यांनी पुस्तक-आरेखनाची नोकरी सोडली नव्हती. १९४५ मध्ये त्यांनी ही कंपनी विकली आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावाने दुसरी कंपनी स्थापन केली.

फिशर रेडिओ

नव्या कंपनीच्या वाढीस ध्वनितंत्रातील घडामोडींनी हातभार लावला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते पाच मिनिटांचे संगीत मावत असे, त्यामुळे दीर्घ सिंफनीचे तुकडे करावे लागत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी (एलपी) बाजारात आणली व एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत अल्प खरखरीसह मावू लागले. एडविन आर्मस्ट्राँग यांनी विकसित केलेल्या एफएम प्रक्षेपणामुळे रेडिओवरील संगीतही अधिक स्वच्छ झाले. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या आणि १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवरून स्टिरिओ प्रसारण सुरू झाले. या सर्व सुधारणांचा लाभ श्रोत्याला घरी मिळण्यासाठी तितकेच सक्षम ट्यूनर, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर आवश्यक होते. हीच फिशर रेडिओची मुख्य उत्पादने होती.

ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेल्या ‘रिसीव्हर’ या प्रकारात कंपनीने विशेष नाव मिळवले. व्हॉल्व्हवर चालणारा ‘फिशर ५००-सी’ हा १९६० च्या दशकातील रिसीव्हर त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. जुन्या ध्वनियंत्रांचे संग्राहक आजही हे संच दुरुस्त करून वापरतात. कंपनीचे कारखाने न्यूयॉर्कमधील लाँग आयलंड सिटी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील मिलरॉय येथे होते.

१९६९ मध्ये फिशर यांनी कंपनी एमर्सन इलेक्ट्रिक या उद्योगसमूहाला सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरना विकली. पुढे ती जपानच्या सान्यो कंपनीकडे गेली. नंतरच्या काळात ‘फिशर’ हे नाव मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या स्वस्त संचांवरही दिसू लागले. मात्र या उत्पादनांशी फिशर यांचा संबंध राहिला नव्हता.

लिंकन सेंटरला देणगी

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासाठी बांधलेले फिलहार्मोनिक हॉल हे सभागृह २३ सप्टेंबर १९६२ रोजी खुले झाले. ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांच्या मूळ आराखड्यात नंतर बदल होऊन आसनसंख्या वाढवण्यात आली. मंद्र स्वर क्षीण ऐकू येतात आणि वादकांना एकमेकांचे वादन नीट ऐकू येत नाही, अशा तक्रारी आरंभापासूनच होत्या. वारंवार दुरुस्त्या करूनही दोष पूर्णपणे दूर झाला नाही.

१९७३ मध्ये फिशर यांनी १ कोटी ५ लाख डॉलरची देणगी दिली व सभागृहाला ‘एव्हरी फिशर हॉल’ हे नाव देण्यात आले. घरातील खोलीत सभागृहासारखा ध्वनी आणण्यासाठी आयुष्य वेचलेल्या व्यक्तीचे नाव अशा प्रकारे सदोष ध्वनीच्या सभागृहाला मिळाले. १९७६ मध्ये वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांच्या देखरेखीखाली सभागृहाचा अंतर्भाग पूर्णपणे काढून नव्याने उभारण्यात आला. त्यामुळे ध्वनीत लक्षणीय सुधारणा झाली, तरी समीक्षकांचे पूर्ण समाधान झाले नाही.

देणगीचा काही भाग तरुण वादकांसाठी राखून ठेवलेला होता. त्यातून एव्हरी फिशर पारितोषिक सुरू झाले. पियानोवादक मरे पेराया आणि चेलोवादक लिन हॅरेल हे त्याचे पहिले मानकरी होते. चेलोवादक यो-यो मा यांना १९७८ मध्ये हे पारितोषिक मिळाले. उदयोन्मुख वादकांना वेगळे अनुदानही दिले जाते.

भारतीय संगीतकारांशी संबंध

मुंबईत जन्मलेले संगीतसंचालक झुबिन मेहता हे १९७८ ते १९९१ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते आणि एव्हरी फिशर हॉल ही त्यांची कर्मभूमी होती. पं. रविशंकर यांच्या ‘रागमाला’ या दुसऱ्या सतार कॉन्चर्टोचा पहिला प्रयोग १९८१ मध्ये मेहता यांच्या संचालनाखाली याच सभागृहात झाला. १९८४ मध्ये मेहता यांनी हा वाद्यवृंद मुंबईतही आणला होता.

व्यक्तिगत जीवन आणि निधन

फिशर यांचा विवाह १९४१ मध्ये जॅनेट केन यांच्याशी झाला. त्यांना तीन अपत्ये होती. २६ फेब्रुवारी १९९४ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू मिलफर्ड येथे वयाच्या ८७ व्या वर्षी फिशर यांचे निधन झाले.

नामांतर आणि वारसा

सभागृहाला दिलेले नाव कायमस्वरूपी राहील, अशी फिशर कुटुंबाची धारणा होती. परंतु नव्या पुनर्बांधणीसाठी मोठ्या देणगीदाराची गरज भासू लागली, तेव्हा नाव बदलण्याचा प्रश्न वादग्रस्त ठरला. अखेर २०१४ मध्ये लिंकन सेंटरने कुटुंबाला १ कोटी ५० लाख डॉलर देऊन नावावरील हक्क सोडवून घेतला. हा मोबदला मूळ देणगीच्या आकड्याहून अधिक होता. २०१५ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली व सभागृह ‘डेव्हिड गेफेन हॉल’ झाले. सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या पुनर्रचनेनंतर, आसनसंख्या २,७३८ वरून सुमारे २,२०० पर्यंत कमी करून, ते ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले.

सभागृहावरून फिशर यांचे नाव गेले असले, तरी तरुण वादकांना साहाय्य करणारा त्यांच्या नावाचा उपक्रम कायम राहिला. चांगले संगीत ऐकण्यासाठी सभागृहाइतकेच घरही योग्य स्थान ठरू शकते, ही कल्पना अमेरिकेतील सामान्य श्रोत्यांत रुजवण्यात त्यांच्या उपकरणांचा महत्त्वाचा वाटा मानला जातो.